बाय, त्याला सांग

सोलापुरात राहून मला होड्यांचे फोटो काढायचा नाद लागला, यावर आजही कुणाचा विश्वास बसत नाही. आमच्या घरातून तर तेव्हा रोज ऐकावं लागे, "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" तिचं काही चुकत नव्हतं. घागरभर पाण्यावरून उन्हाळ्यात जिथं बायकांच्या झिंज्या उपटल्या जातात, तिथं होड्या शोधत फिरणाऱ्या नवऱ्याला कुठल्या बायकोने शहाणा म्हणावं?

चाटी गल्लीच्या तोंडाशी, माडीवर माझा स्टुडिओ होता. वर काचेचं छप्पर, मागे मुंबईहून आणलेला रंगवलेला पडदा, पडद्यावर महाल आणि कारंजं. गिऱ्हाइकं म्हणजे नवं जोडपं, जावळ काढायच्या आधीचं बाळ, कुस्ती मारून आलेला पैलवान, आणि मनगटावरचं घड्याळ दिसेल असा हात गालाला लावून बसणारा गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम. सगळ्यांमागे तोच महाल आणि तेच कारंजं. मला एका जागी बसून तेच ते करायचा भारी कंटाळा. कंटाळलो की मी गिऱ्हाइकांवर खेकसत असे आणि खेकसलो की गिऱ्हाइकं समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या फोटोवाल्याकडे जात. त्यात स्वभाव मूळचा चौकस. घरात त्याला भोचक म्हणत.

तीस सालानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. एका गिरणीतल्या गोऱ्या साहेबाचा पट्टेवाला बोलवायला आला. साहेबाने हिप्परग्याच्या तलावात शिडाची होडी आणून सोडली होती, आणि तिचा व तिच्यावरच्या मंडळींचा त्याला फोटो हवा होता. ही होडी रेल्वेच्या उघड्या डब्यातून आली आणि स्टेशनापासून पुढे दोन बैलगाड्या जोडून नेली, तेव्हा निम्मं गाव रस्त्यावर उभं होतं. साहेबाचा पाळणा आहे, असं कुणीतरी सांगितलं आणि बऱ्याच जणांना ते पटलंही. मी त्या दिवशी नेमका एका लग्नात अडकलो होतो, आणि आपलं बघायचं राहिलं म्हणून मला नंतर दोन घास कमी गेले. त्यामुळे पट्टेवाल्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी तिपाई खांद्यावर टाकली होती.

तलावावर साहेब, त्याची मड्डम आणि आणखी दोघं गोरे पांढऱ्या विजारी घालून तयार होते. साहेबाचं म्हणणं असं, की शीड वाऱ्याने टम्म फुगलेलं दिसलं पाहिजे. मी म्हटलं, शीड फुगलं की होडी पळणार आणि पळाली की फोटोत नुसता धुरळा येणार. माझ्या प्लेटा जुन्या पद्धतीच्या, संथ. समोरचं हललं की पुसलं गेलं म्हणून समजा. साहेब म्हणाला, मग पळू न देता फुगव. हे म्हणजे घोड्याला धाव म्हणायचं आणि खुंट्यालाही बांधायचं. शेवटी आम्ही तेच केलं. होडीच्या मागच्या टोकाला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक काठावरच्या बाभळीला, आणि शीड वर चढवलं. होडी दावणीच्या कालवडीसारखी ओढ देत एका जागी थरथरत राहिली. फोटोत बाभूळ आली नाही, दोरही लांबून दिसेना, आणि बघणाऱ्याला वाटावं की साहेब भर समुद्रातून निघालाय.

दुसरा फोटो शीड उतरवून, सगळ्यांना ओळीने बसवून काढला. त्यात गोऱ्यांच्या मागे डोलकाठीला धरून एक आपला माणूस उभा होता. काळा, उंच, लाल पटक्याचा, भीमेकाठचा कोळी. नदीला पाणी कमी झालं की त्याची नाव बंद पडे, तेवढे महिने तो साहेबाची होडी सांभाळायला येई. मी त्याला विचारून विचारून भंडावलं. वाऱ्याच्या उलट दिशेला होडी कशी जाते, शिडाचं कापड कसलं, साहेब ओरडून सांगतो ते तुला कळतं कसं. तो हसून म्हणाला, "कळतंय की. डाव्या अंगाला सायेब पोट म्हनतुया. पोट म्हनला की डावीकडं दाबायचं." इंग्रजीत डाव्या बाजूला पोट का म्हणतात, यावर आम्ही दोघांनी गंभीरपणे विचार केला. त्याचं मत पडलं, की माणसाचं जेवण डाव्या बाजूला जास्त साठत असावं. साहेब 'पोर्ट' म्हणत होता, म्हणजे जहाजाची डावी बाजू, हे मला पुढे कळलं.

साहेबाने खूश होऊन त्यालाही त्या फोटोची एक प्रत दिली. माझ्या लेखी गोष्ट तिथं संपली होती. पण दिवाळी झाल्यावर एके सकाळी तोच लाल पटका माझ्या जिन्यावर.

"आय बोलावतीया," तो म्हणाला. "तुमास्नी घिऊन ये म्हनली. डबडं घिऊन."

डबडं म्हणजे माझा कॅमेरा. आईला काय हवंय, विचारलं तर म्हणाला, "नावंचा फोटू काडायचाय." नावेत कोण कोण असतं, विचारलं तर जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "हायती की मानसं." एरवी तासन्‌तास बोलणारा माणूस एवढ्याशा प्रश्नाला आडवा होतो म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, हे मला कळलं. आणि मला कळलं की मी गप्प बसत नाही. त्याच दिवशी टांगा आणि पुढे बैलगाडी करून आम्ही निघालो.

त्याचं गाव सोलापूरच्या दक्षिणेला, भीमेच्या अलीकडच्या काठावर. पल्याडच्या काठापासून कानडी मुलूख सुरू होतो. बाजारकरी, माहेरवाशिणी, मेंढरांची खांडं, सगळ्यांना ओलांडायला त्याची नाव. पोचलो तेव्हा नाव पल्याड जायला भरत होती. मी म्हटलं, आधी एक फेरी मारू या. ज्याचा फोटो काढायचा ते आतून बघितलेलं बरं. थोरला, म्हणजे माझा हा पटकेवाला, पुढच्या टोकाला लांब बांबू घेऊन उभा राहिला. मागच्या टोकाला वल्ह्यावर दुसरा एक जण होता. तितकाच उंच, तितकाच काळा, नाकसुद्धा तेच. भाऊ आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

नाव सुटली. मध्ये पाण्याला ओढ होती. थोरला खाली, पायाशी बघून मोठ्याने म्हणाला, "बाय, जरा डावीकडं हो."

मागून वल्हं फिरलं आणि नाव डावीकडे झाली. मग मागचा म्हणाला, "बाय, म्होरं खडक हाय. बांबू टेकवाय सांग."

पुढून बांबू टेकला. मला मोठी मौज वाटली. नावेला 'बाय' म्हणतात, तिच्याशी लेकीसारखं बोलतात, काय गोड रीत आहे! मी शेजारच्या मिरच्यांच्या पोत्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला तसं म्हणालोही. तो तोंडातली सुपारी सांभाळत हसला.

"गोड कसली वो. दोगं सख्खं भाऊ हायती. बोलत न्हाइत एकमेकांस्नी. अबोला हाय."

"किती दिवसांचा?"

"दिस? ह्या धाकल्याची पोरगी न्हाती धुती झाली की आता. ती पाळन्यात हुती तवापास्नं."

मी आ वासला. एका नावेत, रोज, बांबूवर एक आणि वल्ह्यावर एक, असे दोन भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी अक्षर न बोलता नदी ओलांडत होते, आणि बुडत नव्हते. जे सांगायचं ते नावेला सांगायचं. दुसऱ्याने ते नावेकडूनच ऐकल्यासारखं करायचं. नुसतं डावं-उजवंच नव्हे, टोमणेसुद्धा तिच्यामार्फत जात. परतीच्या फेरीत नाव जरा काठावर आपटली, तेव्हा थोरला म्हणाला, "बाय, काई मानसांस्नी डोळं निस्तं शोभंला दिल्यात." त्यावर मागून उत्तर आलं, "बाय, बांबू कुनाच्या हातात हुता त्ये पन इचार." आणि नदीला फारच ओढ असली, वाऱ्याने आवाज पोचेनासा झाला, की मधल्या उतारूंनी निरोप पुढे सरकवायचा. माझ्यासमोर एका कानडी व्यापाऱ्याने, ज्याला मराठीचा गंध नव्हता, "एडक्के, एडक्के" असं ओरडून थोरल्याचं 'डावीकडं' धाकट्यापर्यंत पोचवलं. उतारूंना यात नवल वाटत नव्हतं. नावेत बसलं की निरोप द्यायचा, हा जणू भाड्यातलाच भाग.

भांडण कशावरून झालं, हे काढून घेतल्याशिवाय माझा जीव खाली पडणार नव्हता. मिरच्यांवाला म्हणाला, लिंबाच्या झाडावरून. काठावर आल्यावर एक बाई म्हणाली, छे, धाकट्याच्या पोरीच्या बारशाला थोरल्याच्या बायकोला आधी कुंकू लावलं नाही त्यावरून. गावातल्या पाटलाच्या माणसाने जाळ्याचा दोर सांगितला. तिघांनीही शपथेवर सांगितलं. पुढे म्हातारीला विचारलं तर ती म्हणाली, "कशावरनं त्ये त्यांस्नी तरी ठावं हाय का? आदी भांडान हुतं, आता निस्ता अबोला ऱ्हायलाय. आतलं बी गेलं आन्‌ टरफल ऱ्हायलं."

म्हातारी म्हणजे त्यांची आई. काठावरच, लिंबाखाली तिचं खोपट होतं. थोरल्याची चूल एकीकडे, धाकट्याची दुसरीकडे, आणि हिला पाळीपाळीने दोन्हीकडून भाकरी यायची. अंगाने चिमणी, पण आवाज असा की पल्याडच्या काठावरचं कुत्रं उठून बसावं. तिने मला घोंगडीवर बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं, आणि कनवटीतून नव्हे, चक्क चोळीतून साहेबाच्या होडीचा तो फोटो काढला.

"ह्यो तुमी काडलासा?"

"हो मावशी."

"ह्यात माजा योकच हाय," ती म्हणाली. "दुसरा कुटं हाय?"

मी सांगितलं, की दुसरा तेव्हा तलावावर नव्हता.

"त्ये ठावं हाय मला. म्या काय म्हनते, माजं आता भरत आलंय. मी गेल्यावर ही दोगं एका जागी हुबी ऱ्हात्यात का दोन वाटंला जात्यात, त्ये मला काय दिसायचं न्हाय. दिसलं तर जीव सुकानं जाईल. तवा तुमी दोगास्नी एका फोटूत घ्या. आमच्या नावंसंगं घ्या. मला जित्तेपनी बगू दे."

हे ती रडून बोलली नाही. बाजारातून मीठ आण म्हणावं तसं बोलली. मला मात्र उगीचच कामाची घाई सुटली. तिपाई उचलून मी नदीवर गेलो आणि दोघा भावांना हुकूम सोडायला लागलो.

आता सांगूनच टाकतो, की त्या दिवसाचा धड असा एकही फोटो माझ्याकडे नाही. पहिली प्लेट पाण्यात उभ्या नावेची घेतली. नाव डुलत होती, तेव्हा ती वाया. मग मी म्हटलं, नाव वाळूवर ओढून घ्या. काठावर बसलेल्या चार जणांनी हात दिला आणि नाव कोरड्या वाळूवर आली. कोरड्यावर आलेली नाव एका कुशीवर कलते. तिच्यात कुणाला नीट उभं राहता येईना. म्हणून मी थोरल्याला नावेच्या पुढच्या टोकापाशी आणि धाकट्याला मागच्या टोकापाशी, खाली वाळूतच उभं केलं. दोघांचे हात नावेच्या कडेवर ठेवायला लावले. एवढं करून काळ्या कापडाखाली शिरलो तर थोरला गावाकडे बघतोय आणि धाकटा नदीकडे.

"इकडे बघा," मी ओरडलो.

थोरल्याने इकडे बघितलं. धाकट्याने थोरला बघतोय हे बघितलं आणि पुन्हा नदीकडे तोंड फिरवलं. धाकट्याला चुचकारून वळवलं, तर थोरल्याला गावात काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मी दोघांवर सारखाच तापलो. कॅमेऱ्याकडे बघायचंय, एकमेकांकडे नाही, हे मी मराठीत सांगितलं, रागाच्या भरात इंग्रजीतही सांगितलं. शेवटी थोरला खाली बघून म्हणाला, "बाय, फोटूवाल्यास्नी सांग, उगं तापू नगासा. मान अवगडलीया." त्यावर धाकटा नावेला म्हणाला, "बाय, मान तर माजी बी अवगडलीया." एवढ्या एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत दिसलं.

म्हातारी इतका वेळ माझ्या मागे उकिडवी बसून होती. ती आता उठली.

"तुमी त्या फडक्यात शिरून काय बगतासा? मला बगू द्या."

मी म्हटलं, बघा. साधं काम होतं. कॅमेऱ्याच्या मागे दुधी काच असते, समोरचं चित्र तिच्यावर उमटतं. ऊन चांगलं होतं, कापड अंगावर घेतलं की स्पष्ट दिसतं. मी तिला वाकवलं, डोक्यावर कापड टाकलं आणि बाजूला झालो. एक गोष्ट सांगायची मात्र विसरलो. रोजच्या सवयीने ती माझ्या लेखी सांगण्यासारखी राहिलीच नव्हती.

आतून किंकाळी आली.

"नाव पालती! कोन गेलं रं? कोन गेलं?"

ती कापड फेकून बाहेर आली, तिपाई हिसकली, मी कॅमेरा कसाबसा धरला. दोघं भाऊ नावेचं टोक सोडून तिच्याकडे धावले. काठावरचे उतारू उभे राहिले. म्हातारीने डोळे चोळून समोर बघितलं. नाव सुलटी, जागच्या जागी. ती पुन्हा कापडात शिरली, पुन्हा बाहेर आली.

मी हसत सुटलो होतो. काचेतून चित्र उलटंच पडतं मावशी, उजेड आत जाताना वरचा खाली आणि खालचा वर होतो, त्यात भिण्यासारखं काही नाही, असं मी बरंच काही सांगितलं. पण माझ्याखेरीज कुणी हसत नव्हतं. पोती पल्याड उतरवून आमच्याबरोबरच परत आलेला मिरच्यांवाला म्हातारा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "हसू नगासा. ह्यांच्यात नाव अशीतशी पालती घालत न्हाइत."

मग त्याने सांगितलं. डांबर लावायलासुद्धा हे लोक नाव कुशीवर कलती करतात, एकदा ही बाजू, एकदा ती. पुरती पालथी ती एकाच वेळी होते. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की नाव वाळूवर घेऊन पालथी घालतात, आणि दहावं-तेरावं होईपर्यंत कुणी नदी ओलांडत नाही. मध्ये गाव हात देतं, पण दोन टोकं धरायला घरचीच माणसं लागतात. दोन टोकांना दोन. बाप गेला तेव्हा ह्याच दोघांनी धरली होती. तेव्हा बोलत होते.

माझं हसू गेलं. मी म्हातारीची समजूत घालायला गेलो तर ती मला वेगळंच विचारू लागली.

"ह्यात म्होरलं दिसतं का?"

"नाही हो मावशी. समोरचंच दिसतं. फक्त उलटं."

"समूरची नाव तर सुलटी हाय."

"हो, पण काचेत..."

"मंग काचंत दिसती ती कवाची?"

मी पुन्हा उजेड, भिंग, वर-खाली सुरू केलं. तिने ते पुरं ऐकूनही घेतलं नाही. दोघा लेकांकडे हात करून म्हणाली, "जावा, हुबी ऱ्हावा जागंला." ते गेले. थोरला पुढच्या टोकापाशी, धाकटा मागच्या. तिने पदर खोचला, कापड स्वतःच डोक्यावर ओढलं आणि आत शिरली.

ती बाहेर येईना.

फोटोच्या धंद्यातली गंमत अशी, की काचेत चित्र दिसतं तोवर फोटो निघत नाही, आणि फोटो काढायला प्लेट आत सरकवली की काचेत काही दिसत नाही. बघायचं किंवा काढायचं, दोन्ही एकदम होत नाही. मी प्लेट हातात घेऊन तिष्ठत उभा. ऊन उतरायला लागलेलं. पल्याडच्या काठावर मेंढरांचं खांड येऊन थांबलं होतं आणि धनगर दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाका मारत होता. वाळूत दोघं भाऊ नावेच्या कडेवर हात ठेवून ताठ उभे. धाकटा जरा हलला तर कापडातून आवाज आला, "हलू नगंस." तिला उलट्या काचेतसुद्धा कोण हलला ते कळत होतं.

मी तिच्याजवळ वाकलो. म्हटलं, "मावशी, उजेड जाईल हो. येता का बाहेर?"

ती कापडातूनच, पण आता अगदी हळू बोलली. तिचा तो पल्याड पोचणारा आवाज एवढा बारीक होऊ शकतो, हे मला खरं वाटेना.

"म्या गेल्यावरचं हाय ह्ये."

"काय?"

"नाव पालती घातलीया. एकल्यानं न्हाय व्हत ती. दोगांनी धरली आसंल तवाच झाली. ह्यो बगा, ह्या टोकाला थोरला हाय. त्या टोकाला धाकला हाय. आजून हुबी हायती. कुनी सोडून गेलं न्हाय."

मी म्हणालो, "पण मावशी, ते स्वतःसुद्धा उलटे दिसतायत ना? डोकी खाली, पाय वर?"

"दिसत्यात की," ती म्हणाली. "म्या वर गेलीया न्हवं? वरनं बगितल्यावर मानसं उलटीच दिसनार."

माझ्याजवळ त्या वेळी भिंगांचं सगळं शास्त्र होतं. मुंबईहून मागवलेलं जाडं पुस्तक मी पाठ केलं होतं. पण मला खरोखर वाटलं, की हिला जे दिसतंय ते मलाही एकदा बघू द्यावं. तेच कापड, तीच काच, रोज माझ्या डोळ्यांसमोर, आणि मला तिच्यात कधी नुसत्या उलट्या माणसांपलीकडे काही दिसलं नव्हतं.

थोड्या वेळाने ती आपणहून बाहेर आली. केस विस्कटलेले, तोंडावर घाम. पदराने तोंड पुसलं.

"झालं," ती म्हणाली. "आता काडा तुमचा फोटू. न्हाय काडला तरी चालंल. म्या बगितलं." आणि वाळूवर, आमच्याकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून बसली.

मी घाईघाईने प्लेट आत सरकवली, भिंगाचं झाकण हातात घेतलं. तेवढ्यात थोरल्याने तिकडून विचारलं, "काय दिसलं वो आयला? एवडा येळ काय बगत हुती?"

खरं तर हे सांगायची ती वेळ नव्हती. उजेड चालला होता. पण पोटात गोष्ट ठेवणं मला जमत नाही, आणि ही गोष्ट पोटात ठेवायची नव्हतीच. दोघं नावेच्या दोन टोकांना. दोघांना ऐकू जायचं तर मला मोठ्यानेच बोलावं लागलं. म्हातारीने सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत सांगितलं. पालथी नाव, दोन टोकांना दोघं, अजून उभे आहेत, कुणी सोडून गेलेलं नाही.

धाकट्याने नावेच्या कडेवरचा हात उचलला, तिच्याकडे बघितलं, आणि परत तिथंच ठेवला. थोरल्याने सवयीप्रमाणे खाली बघितलं.

"बाय," तो म्हणाला, आणि अडकला. पुढचं काही त्याला येईना. मग त्याने मान वर केली आणि नावेवरून सरळ पलीकडच्या टोकाकडे बघत विचारलं, "ऐकलंस का रं?"

"ऐकलं, दादा," धाकटा म्हणाला.

माझ्या हातात झाकण तसंच राहिलं. म्हातारीने मागे वळून बघितलं नाही. नदीकडे तोंड ठेवूनच, पल्याडपर्यंत जाईल अशा आवाजात ती ओरडली, "आता दोगं बोलत नगा बसू. मानसं खोळंबल्याती तितं."